व्हॅली ऑफ डेथमध्ये पहिल्याच रात्री सैन्य संपतंय? आधी सांजवेळेचा टर्न तपासा

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या टर्न-टर्नने खेळायच्या संगणकावरच्या युद्धखेळातली ‘एअर टू द थ्रोन’ ही मोहीम खेळणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. एलेन्सेफारचा वेढा पार पडतो, राजकन्या ली'सारला हरवून झालेलं असतं, आत्मविश्वास वाढलेला असतो आणि मग व्हॅली ऑफ डेथ येते. तीन मृतसेनापती तीन बाजूंनी चाल करून येतात आणि मध्ये तुमचा नायक कोनराड सापडतो. दिवसा सगळं आटोक्यात वाटतं. रात्र पडली की दोन टर्नमध्ये सात-आठ युनिट जातात आणि पहाटे कोनराडचा जादूगार सोबती डेल्फॅडोर एकटा उभा असतो. पुन्हा लोड केलं तरी तेच, दुसऱ्या जागी उभे राहिलात तरी तेच.

असं वारंवार होत असेल तर दोष नशिबाचा नसतो, आणि बहुतेक वेळा सैन्य कमी असल्याचाही नसतो. रात्रीची लढाई हरली जाते ती सांजवेळेच्या टर्नमध्ये, म्हणजे अंधार पडण्याच्या आधी. तो एक टर्न नीट खेळायला शिकलात की मिशन सुटतं. त्यासाठी आधी तुमचं नेमकं कुठे बिघडतंय ते शोधायला हवं.

नशीब खराब आहे का, हे मोजून बघा

‘माझे सगळे वार हुकतात’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. ती खरी आहे की नाही हे खेळच सांगतो. मेनूमधली स्टॅटिस्टिक्सची खिडकी उघडा. तिथे तुम्ही केलेलं आणि सोसलेलं डॅमेज, आणि शक्यतेच्या हिशोबाने ते किती व्हायला हवं होतं, हे शेजारी शेजारी दिसतं. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर त्या डावापुरतं नशीब खरंच वाईट होतं. पण मिशन हरलेल्या डावात हे आकडे बऱ्याचदा जवळपास सारखे निघतात. म्हणजे जे व्हायचं तेच झालं, योजनाच तशी होती.

दुसरं, हल्ला करताना शस्त्र निवडायची जी चौकट येते तिच्यात डॅमेजच्या हिशोबाचं बटण असतं. ते दाबायची सवय लावा. कोण मरण्याची शक्यता किती, कोण किती जखमी होऊन बाहेर पडेल, सगळं तिथे दिसतं. ज्यांना हे मिशन अवघड जातं त्यांच्यातले अनेक जण हे बटण कधीच दाबत नाहीत असं माझं निरीक्षण आहे.

चुकीचं शस्त्र: पहिलं कारण

इथवर एल्व्हिश फायटर आणि आर्चर यांच्या जोरावर मोहीम चाललेली असते. ऑर्क आणि माणसांसमोर ते उत्तम. सांगाड्यांसमोर मात्र त्यांची धार बोथट होते. स्केलेटनवर तलवारीसारख्या शस्त्राचा वार 40 टक्क्यांनी आणि बाणाचा किंवा भाल्याचा वार 60 टक्क्यांनी कमी लागतो. फायटरचे 5 डॅमेजचे चार वार स्केलेटनवर 3 चे चार होतात. चारही लागले तरी 12, आणि स्केलेटनचे एचपी (जीवशक्ती) 34. आर्चरचं तर आणखी वाईट: 5 चे 2 होतात. तीन-तीन एल्फ एका स्केलेटनभोवती उभे करून तो मरत नाही तो यामुळे.

उलट आग आणि बोथट माराची शस्त्रं, म्हणजे दंडुका, गोफण वगैरे, स्केलेटनला 20 टक्के जास्त लागतात, आणि आर्केन प्रकारचा वार दुप्पट. मेजची, म्हणजे जादूगाराची, आग 7 ची तीन वेळा. दिवसा स्केलेटनवर ती 10 ची होते. शिवाय मेजचा हल्ला जादूचा असल्यामुळे समोरचा कुठेही उभा असो, लागण्याची शक्यता 70 टक्के ठरलेली. व्हाइट मेजचा प्रकाशाचा झोत 9 चा तीन वेळा. स्केलेटनवर दिवसा तो 22 चा. दोन लागले की स्केलेटन संपला. डेल्फॅडोरची वीजही आगीच्याच प्रकारात मोडते, म्हणून तो इथे तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. फक्त तो मेला तर मिशन तिथेच संपतं, हे ध्यानात ठेवून त्याला वापरायचं.

आवृत्तीनुसार आकडे थोडे इकडे तिकडे होतात, पण प्रमाण हेच राहतं. शत्रूच्या युनिटवर राइट क्लिक करून त्याचं वर्णन उघडलंत की कोणत्या शस्त्राला तो किती दाद देतो याचा तक्ता दिसतो. मिशन सुरू होताच प्रत्येक नव्या प्रकारच्या शत्रूचा हा तक्ता एकदा बघून घ्या.

मग रिकॉल कुणाला करायचं, म्हणजे आधीच्या मिशनमधलं कोणतं युनिट परत बोलवायचं? एका युनिटला 20 सोनं पडतं, त्यामुळे निवड महत्त्वाची. सगळे व्हाइट मेज आणि मेज आधी. मग शमन आणि ड्रुइड या बरे करणाऱ्या एल्फ, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर. शमनला सॉर्सरेस केलं असेल तर तिचाही हल्ला आर्केनचा आणि जादूचा असतो, तिला नक्की आणा. फूटपॅड हाताशी असतील तर एक-दोन घ्या. त्यांचा दंडुका आणि गोफण दोन्ही बोथट माराची. फायटर आणि त्यांच्यातून झालेले कॅप्टन-हिरो यांना मारण्यासाठी नव्हे, तर उभं राहण्यासाठी आणा. कॅप्टन शेजारी असला की त्याच्यापेक्षा खालच्या लेव्हलच्या युनिटचा वार वाढतो, म्हणून एक कॅप्टन हवाच. आर्चर कमीत कमी.

हॉर्समनबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण त्याच्यामुळे अनेकांचं नुकसान होतं. त्याचा हल्ला भाल्याचा, आणि चार्जमुळे दिलेलं आणि घेतलेलं दोन्ही डॅमेज दुप्पट. स्केलेटनवर त्याला सोडलंत तर तो स्वतःच मरतो. पण मृतसेनेतल्या डार्क अडेप्ट या जादूगाराकडे जवळून लढायचं शस्त्रच नाही. दिवसा हॉर्समनचा एक वार अडेप्टवर 22 चा बसतो, अडेप्टचे एचपी 28, आणि उलट वार शून्य. दोन्ही वार लागले की अडेप्ट गेला आणि घोड्याला ओरखडाही नाही. एक हॉर्समन फक्त याच कामासाठी ठेवा आणि अंधार पडायच्या आत मागे बोलवा.

सांजवेळ: खरा बिघाड इथे आहे

वेस्नॉथचा दिवस सहा टर्नचा: पहाट, सकाळ, दुपार, सांज, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. मेज आणि हॉर्समन लॉफुल. सकाळी-दुपारी त्यांचा वार 25 टक्क्यांनी वाढतो, रात्री तेवढाच घटतो. मृतसेना केऑटिक, तिचं नेमकं उलट. एल्फ न्यूट्रल, त्यांना फरक पडत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. स्केलेटनची 7 ची कुऱ्हाड दिवसा 5 ची आणि रात्री 9 ची होते, तीन वेळा. म्हणजे दिवसा जास्तीत जास्त 15 आणि रात्री 27. फायटरचे एचपी 33. रात्री दोन स्केलेटन एका फायटरवर आले की काय होतं ते यावरून कळेल.

माहीत असूनही घोटाळा होतो तो असा. दुपारच्या टर्नला तुमची सरशी चाललेली असते. सांजेला पडद्यावर दोन-तीन अर्धमेले सांगाडे दिसतात. सांजेला वाढही नाही आणि घटही नाही, मग मारून घेऊ म्हणून तुमची चार-पाच युनिटं पुढे मोकळ्या मैदानात जातात. दोन शत्रू मरतात, समाधान वाटतं. त्याच सांजेला शत्रूची खेळी येते. मागून आलेली ताजी फळी तुमच्या पुढे गेलेल्या युनिटांना बाजूंनी वेढते. लेव्हल एक किंवा वरच्या प्रत्येक युनिटच्या भोवतालच्या सहा घरांत त्याचा अंमल असतो, तिथे शिरणारा तिथेच थांबतो. चहूबाजूंनी वेढलेलं युनिट एका टर्नला जेमतेम एक घर सरकतं. आता रात्रीचा पहिला प्रहर सुरू होतो, तुमची खेळी आहे आणि मागे फिरायला रस्ता नाही. पुढचे दोन टर्न शत्रूचा वार वाढलेला. जी युनिटं गेली ती सांजेलाच गेली होती, फक्त दिसलं दोन टर्नांनी.

म्हणून नियम सरळ: शेवटचा मोठा हल्ला दुपारी. सांजेचा टर्न मागे येण्यासाठी आणि रांग लावण्यासाठी. अर्धमेला शत्रू सोडवत नसेल तर रांगेतल्या जागेवरूनच तो मारता येतो का बघा. नाही तर जाऊ द्या. एआयला, म्हणजे शत्रूच्या बाजूने खेळणाऱ्या संगणकाला, सबुरी नसते, तो रात्री पुन्हा तुमच्या पुढ्यात येणारच आहे.

सांजेला टर्न संपवण्याआधी कंट्रोल आणि व्ही दाबा. शत्रू कुठवर पोहोचू शकतो ते पडद्यावर उमटतं. कंट्रोल आणि बी दाबलं तर तुमची युनिटं आडवी नसतील असं धरून त्याची कमाल पोहोच दिसते. ज्या घरापर्यंत तिन्ही सेनापतींच्या फौजा पोहोचतात तिथे तुमचं कुणीही कमकुवत युनिट असता कामा नये.

रांग कशी लावायची

षट्कोनी घरांमुळे रांगेची दिशा फार महत्त्वाची ठरते, आणि यावर फारसं कुणी बोलत नाही. वेस्नॉथमध्ये घरांचे स्तंभ उभे असतात. उत्तर-दक्षिण सरळ रांग लावली आणि शत्रू पूर्वेकडून आला तर प्रत्येक युनिटवर दोनच शत्रू एका वेळी येऊ शकतात. तिरप्या सरळ रांगेतही तसंच. पण पूर्व-पश्चिम रांग लावली तर ती आपोआप नागमोडी होते: एक घर पुढे, एक मागे. शत्रू उत्तरेकडून येत असेल तर पुढे आलेल्या युनिटवर तिघे येऊ शकतात आणि मागे राहिलेल्यावर फक्त एक.

नागमोडी रांग वाईट नाही, उलट या मिशनमध्ये ती सोन्यासारखी आहे. पुढच्या घरांत हिरो, कॅप्टन किंवा पूर्ण एचपीचा फायटर. मागच्या घरांत मेज. मेजचे एचपी 24 च असतात, पण त्याच्यावर येणारा एकच. आणि मागच्या घराच्या समोरचं जे रिकामं घर उरतं तो खिसा असतो. त्यात पाऊल टाकणारा शत्रू एकाच वेळी तुमच्या तीन युनिटांना चिकटतो: समोर मेज, दोन्ही बाजूंना फायटर. एआयला मऊ लक्ष्य दिसलं की तो त्या खिशात बिनदिक्कत शिरतो. रात्रीसुद्धा मेजचा वार स्केलेटनवर 6 चा तीन वेळा लागतो, आणि तोही 70 टक्के शक्यतेने. फायटरच्या वारापेक्षा तो बरा. तिघांनी मिळून खिशातला शत्रू मारायचा, आणि रांग एक घरही पुढे सरकवायची नाही.

पुढच्या युनिटच्या थेट पाठीमागचं घर बरे करणाऱ्याचं. तिथून तो पुढचा एक आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मागचे दोन, अशा तिघांना लागून असतो. शमन 4 एचपी भरून देते, ड्रुइड आणि व्हाइट मेज 8. दोन बरे करणारे एकाच युनिटशेजारी ठेवून उपयोग नाही, बेरीज होत नाही, मोठा आकडाच धरला जातो. गावात उभ्या असलेल्या युनिटचंही तसंच. म्हणून त्यांना पसरून ठेवा.

जखमी युनिट बदलताना मागचं एखादं घर मोकळं हवं. रांगेत असलेलं युनिट मागे शत्रूचा अंमल नसलेल्या घरात सहज सरकतं आणि ताजं युनिट त्याची जागा घेतं. मागे सगळी गर्दी करून ठेवली की हा बदल अडतो आणि जखमी माणूस पुढेच मरतो. हलवण्याआधी क्रम ठरवा.

दोन्ही टोकं मात्र मोकळी सोडू नका. टोक डोंगराला, किल्ल्याच्या घराला किंवा निदान मजबूत युनिटला टेकवा. तीन बाजूंनी शत्रू येत असताना पूर्ण गोल करून उभं राहावंसं वाटतं, पण गोलाला युनिटं फार लागतात आणि कोपऱ्यावरच्या प्रत्येकावर तिघे येतात. तीन फौजा एकाच टर्नला पोहोचत नाहीत. जी आधी पोहोचते तिच्यावर दिवसा तुटून पडा, ती मोडा आणि रात्री उरलेल्या दोन बाजूंना तोंड द्या.

शमनला कमी लेखू नका

शमनचा वार किरकोळ, म्हणून अनेक जण तिला आणतच नाहीत. तिच्या वेलींचा फटका एकदा जरी लागला तरी शत्रू स्लो होतो, त्याचं डॅमेज आणि चाल निम्मी होते, आणि हा परिणाम शत्रूची पुढची खेळी संपेपर्यंत राहतो. रात्रीचा 9 चा स्केलेटन 4 चा होतो. सपाट जमिनीवरच्या स्केलेटनवर तिच्या दोन वारांपैकी एक तरी लागण्याची शक्यता 84 टक्के आहे. तो गावात किंवा किल्ल्यात असेल तर 64. पहिला वार लागताच त्या झटापटीतला उलट वारही निम्मा होतो. म्हणून एखाद्या तगड्या शत्रूवर हल्ला करायचा तर शमनने सुरुवात करावी, बाकीचे नंतर.

चालून आलेल्या लिचसमोर, म्हणजे मृत जादूगार-सेनापतीसमोर, तर हे फार कामाचं. लिचच्या थंडीच्या जादूचे चार वार 12 चे, रात्री 15 चे, म्हणजे एका झटक्यात 60 पर्यंत, आणि तेही 70 टक्के शक्यतेने. किल्ल्यातल्या बचावाचा जादूपुढे उपयोग नाही. कोनराडला किल्ल्यात उभं करून सुरक्षित समजू नका. एआयचं लक्ष तुमच्या नेत्यावर असतंच. त्याला रांगेच्या मागे ठेवा आणि कमांडर झाला असेल तर नवख्या मेजच्या शेजारी, म्हणजे त्यांचा वार वाढेल.

बाकीचे शत्रू

घूलचा वार हलका, पण विष चढतं आणि दर टर्नला 8 एचपी जातात. व्हाइट मेज किंवा ड्रुइड शेजारी असेल तर विष उतरतं, गावातही उतरतं. विष चढलेलं युनिट रांगेत ठेवून लढवू नका. घोस्टवर तलवार, बाण, दंडुका सगळंच निम्मं लागतं. त्याच्या मागे एल्फ धाडण्यात अर्थ नाही, मेजकडे सोपवा. वटवाघळं आणि चालती प्रेतं लेव्हल शून्य, त्यांचा अंमल चालत नाही, त्यांच्या बाजूने निघून जाता येतं. प्रेताच्या हातून मेलेलं युनिट प्रेत होऊन उठतं, तेवढं सांभाळा.

एवढं करूनही जमत नसेल तर

मग सेव्ह मागे न्यावा लागेल, आणि याच मिशनच्या सुरुवातीला नव्हे. हातात एकही व्हाइट मेज नसेल आणि सोनं किमान रकमेवर आलेलं असेल तर बिघाड आधीच्या मिशनमध्ये आहे. मेज मिळू लागतात ते आयल ऑफ अल्डुइननंतर. तिथपासून क्रॉसरोड्सपर्यंत दोन मेजना ठरवून शेवटचे वार द्यायचे. लेव्हल एकच्या शत्रूला मारलं की 8 एक्सपी (अनुभवाचे गुण), नुसतं लढलं तर 1. फरक मोठा आहे. डेल्फॅडोरच्या हातून मारलेला प्रत्येक शत्रू म्हणजे मेजचे बुडालेले 8 एक्सपी. आधीची मिशन लवकर संपवलीत तर सोन्याचा बोनसही मिळतो.

उलट व्हाइट मेज आहेत, सोनं आहे, रांगही लावली, आणि तरी दुसऱ्या प्रहरात फळी फुटते, असं असेल तर ऑटोसेव्हमधून सांजेचा टर्न उघडा. खेळ प्रत्येक टर्नचा सेव्ह ठेवतो. रात्रीचा टर्न पुन्हा पुन्हा लोड करून वारांचं नशीब आजमावू नका, तिथे आता काही हातात नाही. सांजेला कोण कुठे उभं होतं ते पाहा. कोणतं युनिट पहिल्यांदा पडलं, त्याच्यावर किती जण येऊ शकत होते, आणि ते घर एक पाऊल मागे घेतलं असतं तर किती आले असते, एवढंच मोजा. बहुतेक वेळा एखादंच युनिट रांगेच्या बाहेर निघालेलं सापडतं.

मिशनची उद्दिष्टं पुन्हा एकदा वाचा, कारण तिथे तिन्ही सेनापती मारण्याची सक्ती नाही. ठरलेला काळ टिकलात तरी जिंकता. पहिली रात्र निघाली की पहाटे खिशातले जखमी शत्रू टिपा आणि सकाळ-दुपार त्यांना मोडून काढा. लेव्हल वाढायला आलेलं युनिट असेल तर त्याला मागे घेऊ नका. लेव्हल वाढताच एचपी पूर्ण भरतात, म्हणून जखमी मेजलाच शेवटचा वार देणं फायद्याचं ठरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एखादा लिच एकटा पडलेला दिसला आणि तुमचे दोन व्हाइट मेज सांजेआधी परत रांगेत येऊ शकत असतील, तर जरूर जा. नाही तर रांग सोडू नका, आणि जगलेली युनिटं ग्रिफन माउंटनला घेऊन जा.